टोळीचं कुलूप

सुरक्षा अधिकारी म्हणजे नेमकं काय, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी पुरतं कळलं आहे असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. सिंदेवाहीची माझी मोठी बहीण अजून बाजारात लोकांना सांगते, "आमचा भाऊ सिमेंट कंपनीत सिक्युरिटीत होता." गेटवर शिट्टी घेऊन उभा राहणारा मी तिच्या डोळ्यांसमोर असतो. दोनतीनदा समजावून पाहिलं, मग सोडून दिलं. शिट्टीवाल्याचं काम निदान त्याला तरी ठाऊक असतं.

माझं काम थोडक्यात असं: नियम वाचायचा, तो कामगारांना आणि साहेबांना समजावून सांगायचा आणि पाळला जातो की नाही ते पाहायचं. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की नियम लिहितो एक, छापतो दुसरा, पाळायचा असतो तिसऱ्याला, आणि या तिघांची एकमेकांशी कधी गाठ पडत नाही. मधे मी. 'पुरेसा उजेड असावा' असं छापलेलं असतं. पुरेसा म्हणजे किती? 'सक्षम व्यक्तीने तपासावे.' सक्षम कोण? ज्याच्या हातात सहीचा पेन असतो तो सक्षम, असं मी अनुभवाने शिकलो.

गडचांदूरच्या बाजूला एका सिमेंट कारखान्यात लागलो, त्या वर्षी खाणीतल्या कंत्राटी कामगारांना पुढे लोखंडी टोपण असलेले बूट वाटले. आठ दिवसांनी पाहतो तर निम्मे लोक चपलांवर. एकाला धरलं तर तो म्हणतो, "सायेब, इतके चांगले बूट दगडगोट्यात घालाचे का? फाटले म्हंजे?" पुढे त्याच्याच पुतण्याच्या लग्नाला गेलो, तर नवरदेवापासून वरातीतल्या बँडवाल्यापर्यंत सगळे माझ्या बुटांत. बूट पुरवावेत असा नियम होता आणि ते पुरवले होते, तेव्हा कागदावर आमचं काही चुकलेलं नव्हतं.

एकदा दगड वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या गॅलरीत बिबट्या येऊन झोपला. काम तीन तास बंद. अहवालाच्या नमुन्यात धोक्याचे प्रकार छापलेले होते: उंचीवरून पडणे, वीज, यंत्र, रसायन, इतर. मी 'इतर'पुढे खूण केली. वरून विचारणा आली की धोका दूर करण्यासाठी काय उपाय केला. मी खरं तेच लिहिलं, 'तो स्वतःहून गेला.' यावर कोणी काही बोललं नाही, म्हणजे उत्तर पसंत पडलं असावं.

हे सगळं मी हसत सांगतो आहे, कारण पुढचं हसत सांगता येणार नाही. एक गोष्ट मी इतकी वर्षं कुठेच लिहिली नाही. ज्या अहवालात लिहायची होती तो अहवाल मीच लिहिला, आणि त्यात ती नाही.

ती गोष्ट कुलपाची आहे. बाहेरच्यांसाठी आधी एवढं सांगतो. मोठं यंत्र बंद करून माणूस त्याच्या आत दुरुस्तीला किंवा साफसफाईला शिरतो, तेव्हा बाहेरून कोणी ते चुकून चालू करू नये म्हणून त्याच्या विजेच्या पॅनेलला कुलूप लावतात. हे कुलूप लाल असतं, त्यावर लावणाऱ्याचं नाव आणि फोटो असतो. किल्ली एकच, आणि ती त्याच्याच जवळ. पॅनेलच्या कडीला सहा भोकं असतात. सहा माणसं आत गेली तर सहा कुलपं. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढत नाही, तोवर खुद्द मालकाने बटण दाबलं तरी यंत्र हलत नाही. सगळ्या नियमांत मला हाच एक मनापासून आवडायचा. यात कोणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

आणि नेमका हाच नियम मी बिघडवला.

दगड फोडणाऱ्या क्रशरची साफसफाई एका कंत्राटदाराकडे होती. 'काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचे कुलूप लावावे' असं आमच्या पुस्तकात होतं. कंत्राटदार माझ्या खोलीत येऊन बसला. म्हणाला, "रामटेके सायेब, माह्या टोळीत आज आठ असतात, उद्या बारा, परवा अर्धे नवीनच. कितीकाचे फोटो काढत बसू? काम तं टोळीच करून राह्यली ना? मंग टोळीचा एक मानूस कुलूप लावन. जंगू हाये ना आपला."

मी दोन दिवस विचार केला. पुस्तक मागून पुढून वाचलं. टोळी हा शब्दच त्यात कुठे नव्हता. म्हणजे टोळीला एक कुलूप चालतं असं नव्हतं, आणि चालत नाही असंही नव्हतं. नागपूरच्या एका सल्लागाराला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या तिथली परिस्थिती पाहून ठरवा. परिस्थिती म्हणजे कंत्राटदार रोज येऊन बसत होता आणि काम अडलं होतं. तिसऱ्या दिवशी मी नोंदवहीत लिहिलं, 'टोळीमागे एक कुलूप चालेल', आणि सही केली.

जंगू सिडाम त्या टोळीचा प्रमुख. जिवतीच्या डोंगरातल्या कोलाम आदिवासींच्या एका गुड्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, चाळिशीचा, बारीक अंगाचा. बोलणं कमी. कुलूप मिळालं त्या दिवशी त्याने किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली, ती कायमची. काम संपलं की कुलूप काढण्याआधी तो पॅनेलपाशी उभा राहून आपली माणसं बोटांवर मोजायचा. एखादा चहाला आधीच निघून गेला असेल तर त्याला परत बोलावून मोजायचा. बाकीचे वैतागायचे. मला तो फार आवडायचा, कारण माझ्या नोकरीचा अर्थ त्याला एकट्याला कळला होता असं मला वाटे.

ते दिवस पेरणीच्या आधीचे. क्रशरमध्ये ओला मुरूम आणि दगड अडकून बसले, म्हणून सकाळी तो बंद केला. जंगूने कुलूप लावलं, टोळी आत उतरली. दुपारी अडीच वाजता माझा फोन वाजला. क्रशर साफ झाला, पाळी बदलली, टोळी घरी गेली, आणि पॅनेलवर जंगूचं कुलूप तसंच. जंगू अकरालाच अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन गेला होता. गेटच्या वहीत तशी नोंद होती. त्याचा मोबाइल लागत नव्हता, त्याच्या गुड्यावर टॉवर पोचतच नाही.

आमचे उत्पादनप्रमुख पॅनेलपाशी येऊन उभे राहिले. भट्टीपुढचा दगडाचा साठा संपत आला होता. भट्टी थंड पडली की ती पुन्हा तापवायला दिवस जातात. ते म्हणाले, "रामटेके, ज्याचं कुलूप तो गेटबाहेर गेल्याची नोंद आहे. म्हणजे तो आत नाही. मग कापायला हरकत काय?"

हरकत काय, हे मला नीट सांगता येईना. नियम म्हणत होता की कुलूप लावणारा स्वतः भेटल्याशिवाय किंवा तो सुखरूप असल्याची खात्री झाल्याशिवाय कुलूप कापू नये. गेटवरची नोंद म्हणजे खात्री की नाही? आणि आत कोणी नाही हे पाहूनच कापावं, असंही होतं. मी दुपारच्या पाळीच्या सुपरवायझरला आत पाहून यायला सांगितलं. तो दहा मिनिटांत आला. "कोणी नाई सायेब. वरून पायलं, खालच्या टनेलच्या तोंडाशी जाऊन आवाज देल्ला." क्रशरच्या खालून, त्याच पॅनेलवर चालणारा पट्टा जातो त्या लांबलचक बोगद्याला आम्ही टनेल म्हणतो. मी कागदावर 'जागा तपासली, कोणी नाही' या रकान्यापुढे सही केली. मी स्वतः गेलो नाही. का गेलो नाही, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

तरीही मला ते कापणं जमेना. मी म्हणालो, "मी जाऊन किल्ली आणतो." ते घड्याळाकडे पाहून म्हणाले, "साडेचारपर्यंत थांबतो. मग कापणार." मी जीपमध्ये बसलो.

डोंगर चढून गुड्याजवळ पोचलो तेव्हा पावणेचार होत आले होते. रस्त्यावर दोन झाडांना आडवी दोरी बांधलेली, तिला पानं लटकवलेली, खाली शेंदूर लावलेले दगड. दोरीपलीकडे गुड्याचे नाईक, म्हणजे गावप्रमुख, साठी उलटलेले, काठी टेकवून बसले होते.

"आज गाव बांधलं हाये, भाऊ," ते म्हणाले. "उद्या सकाळलोक बाहेरचा आत येनार नाई, आतला बाहेर जानार नाई."

गावबांधणीबद्दल मी ऐकून होतो. पेरणीच्या आधी पूजा करून गावाची हद्द बांधून घेतात. रोगराई, वाघ, वाईटसाईट गावात येऊ नये म्हणून. पण नेमका हाच दिवस आहे हे मला कुठून कळणार? जंगूच्या सुट्टीच्या अर्जात 'घरी काम' एवढंच होतं.

"मले आत याचं नाई," मी म्हणालो. "जंगूले बोलवा."

"थो बाहेर येनार नाई."

"बाहेर नोको. या दोरीलोक येऊ द्या."

नाईक विचारात पडले. मागे दोघे म्हातारे होते, त्यांच्याशी कोलामीत बोलले. दोरी आतली की बाहेरची, असा प्रश्न निघाला असावा, कारण एक जण आतल्या बाजूला बोट दाखवत होता आणि दुसरा बाहेरच्या. शेवटी ठरलं की जंगू दोरीपर्यंत येईल, पण हात पलीकडे काढणार नाही. मी विचारलं, किल्ली चालेल का, ती माणूस नाही, वस्तू आहे. पुन्हा बोलणं झालं. नाईक म्हणाले, "आतली वस्तू बाहेर जात नाई." आमच्या सुरक्षा समितीच्या बैठका अशाच चालतात. त्या घटकेला मला हसू यायला हवं होतं, पण घड्याळ पुढे पळत होतं.

जंगू आला. अंघोळ केलेला, नवीन धोतर, कमरेला किल्ली. मी एका दमात सगळं सांगितलं. भट्टी, दगड, साडेचार.

"किल्ली हाये माह्यापाशी," तो म्हणाला. "पन देनार नाई."

"आतली वस्तू बाहेर जात नाई, सांगतलं मले नाईकानं."

"नाईकाचं नाई सायेब. नाईकानं जाऊ देल्ली असती तरी मी देल्ली नसती."

"काऊन?"

"सुभद्राबाई अन् रेखा आतमंदी हायेत. टनेलात. पट्ट्याच्या पार शेवटाले मुरूम काढून राह्यल्या. त्याईची पाच वाजताची सुट्टी."

मी म्हणालो की टोळी दोनला गेली. तो म्हणाला, टोळी सकाळच्या पाळीची, बाया आठ ते पाचच्या. शेवटच्या बाजूच्या जिन्यानं उतरतात, म्हणून वरून दिसत नाहीत. "त्याईले कुठी कुलूप हाये? टोळीचं एकच. मी काढून आनलं असतं, मंग त्याईचं काय?"

"मंग किल्ली सुभद्राबाईपाशी ठेवाची होती."

"तिच्यापासून सुपरवायझर मांगून नेते. बाई हाये, नाई कशी म्हनन? सकाळच्या सुपरवायझरले सांगून आलो मी. थो हो म्हनला. पन थ्याच्या हो चा काय भरोसा? म्हून किल्लीच घेऊन आलो. बांधलेल्या गावातून कोन नेन?"

तो अगदी साधेपणाने बोलत होता. त्याने हिशोबाने काम केलं होतं. कोणालाही मागता येणार नाही, कोणाचाही हुकूम चालणार नाही, अशी एकच जागा त्याला माहीत होती, तिथे त्याने ती किल्ली नेऊन ठेवली होती.

"पन जंगू, सुपरवायझरनं पायलं. आत कोनी नाई."

"तुमी पायलं का?"

मी जीपकडे पळालो.

घाटात तिसऱ्या वळणावर मोबाइलला रेंज येते. ड्रायव्हरला म्हटलं, गाडी पाडलीस तरी चालेल पण तिथे पोचव. सुरक्षा अधिकाऱ्याने असं म्हणावं! पोचलो तेव्हा चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. अजून एकोणीस मिनिटं होती, म्हणून जिवात जीव आला. नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरने फोन उचलला.

"सायेब, टेन्शन नाई. कुलूप कापलं. प्रॉडक्शनच्या सायेबांनी सांगतलं वाट पाहून फायदा नाई. चालू करून राह्यलो."

आणि त्याच्या आवाजामागे मला भोंगा ऐकू आला. पट्टा चालू होण्याआधी अर्धा मिनिट जो वाजतो, तो.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. ड्रायव्हर सांगतो की मी फक्त "बाया, बाया" एवढंच ओरडत होतो. भोंगा वाजत होता. मग तो मधेच तुटला. फोनवर कोणी बोलेना. खुर्ची सरकल्याचा आवाज, पळणारी पावलं, दार. मी घाटात रस्त्याच्या कडेला बसलो होतो आणि फोन कानाला लावून त्या रिकाम्या खोलीचं ऐकत होतो. किती वेळ, कोण जाणे. शेवटी कोणीतरी आलं आणि म्हणालं, "सायेब, दोघी बी बाहेर आल्या."

मी कारखान्यात पोचलो तेव्हा सुभद्राबाई पॅनेलच्या खोलीबाहेर पायरीवर बसून पाणी पीत होत्या. गडचांदूरजवळच्याच एका गावच्या, पन्नाशीच्या बाई. रेखा, त्यांची सोबतीण, बाजूला रडत होती. मी विचारलं, "भोंगा ऐकून तुमी पळाल्या काऊन नाई?"

"काऊन पळाव?" त्या म्हणाल्या. "मी रेखाले म्हनली, बाजूच्या पट्ट्याचा असन. आपल्या पट्ट्याले जंगूभाऊचं कुलूप हाये."

भोंगा वाजत असताना ती बाई पट्ट्याच्या शेवटच्या लोखंडी रोलरखाली बसून निवांत फावडं मारत होती. कुलूप नसतं तर ती पळाली तरी असती.

अशा प्रसंगाला आमच्याकडे 'टळलेला अपघात' म्हणतात, आणि टळला तरी चौकशी होते. तीन जणांची समिती बसली. अध्यक्ष दुसऱ्या विभागाचे, उत्पादनाचा एक अधिकारी, आणि सदस्य-सचिव म्हणून मी. अहवाल मीच लिहायचा होता. जंगूला बोलावलं. तो टेबलासमोर उभा राहिला, खुर्ची होती तरी बसला नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "काम सोडून जाताना स्वतःचं कुलूप काढायचं, हा नियम माहीत होता?"

"होता."

"काढलं?"

"नाई."

"किल्ली कारखान्याबाहेर न्यायची नाही, हे माहीत होतं?"

"होतं. काऊन नेली ते सांगू का?"

"ते नंतर," अध्यक्ष म्हणाले. ते नंतर कधी आलंच नाही.

मग जंगू माझ्याकडे वळला. रागाने नाही. एखादी गोष्ट आठवत नसेल तर आपण शेजाऱ्याला विचारतो, तसा. "सायेब, टोळीले एकच कुलूप चालते, असं तुमीच लिवलं होतं ना?"

नोंदवही माझ्या खणात होती. पानसुद्धा मला पाठ होतं. मी त्या क्षणी काय विचार करत होतो तेही सांगतो. मी समितीचा सदस्य आहे, साक्षीदार नाही, मग सदस्याने प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं का? कामगाराने समितीला प्रश्न विचारायची तरतूद आहे का? आणि मी उत्तर दिलं तर ते मीच अहवालात लिहायचं का? असा सगळा गुंता डोक्यात झाला. गुंता खरा होता, खोटं सांगत नाही. पण त्याच्या तळाशी भीती होती, आणि तीही तेव्हा मला कळत होती. निवृत्तीला पाच वर्षं राहिली होती, मुलीचं लग्न ठरत होतं. मी मान खाली घालून आधीच्या उत्तरांचं अक्षर नीट करत बसलो. अध्यक्ष पुढच्या प्रश्नावर गेले.

निघताना जंगूने कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. ज्या कुलपाची ती होती ते कापलं गेलं होतं. ती कुठे जमा करायची हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

अहवालात मी लिहिलं की संबंधित कामगाराने काम सोडताना कुलूप न काढता किल्ली आवाराबाहेर नेऊन नियमाचं उल्लंघन केलं. पुढे लिहिलं की जागा तपासण्यात आली होती. यातलं एकही वाक्य खोटं नाही. दुपारच्या पाळीच्या सुपरवायझरला ताकीद मिळाली. उत्पादनप्रमुखांनी साडेचारऐवजी चारलाच कुलूप कापायला लावलं, त्याबद्दल अहवालात चकार शब्द नाही, आणि माझ्या नोंदवहीबद्दलही नाही. जंगूचा गेटपास रद्द झाला.

शिफारशींमध्ये मात्र मी ठासून लिहिलं की यापुढे टोळीचं कुलूप बंद, प्रत्येक कंत्राटी कामगाराला, बायांनासुद्धा, स्वतःचं कुलूप, नाव, फोटो. सगळं मान्य झालं. पुढच्या सुरक्षा सप्ताहात मला या 'उपक्रमा'साठी स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. टाळ्या वाजत होत्या. खाली बसलेल्या सुभद्राबाई टाळ्या वाजवत नव्हत्या, एवढंच मी पाहिलं. घरी बायकोने विचारलं, शाल मिळाली आणि तोंड असं काऊन? मी म्हटलं, डोकं दुखतं.

आणखी सहा महिने गेले आणि मी गुड्यावर गेलो. सुट्टीचा दिवस होता, बसने जिवतीपर्यंत आणि तिथून चालत. का गेलो ते विचाराल तर माफी मागायला, पण ती कशी मागतात याचाही मला सराव नव्हता. जंगू आपल्या कपाशीत बैल जुंपून डवरत होता, तण काढत होता. काम थांबवून आला, झाडाखाली बसलो, त्याने पाणी दिलं. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. मग म्हणालो, "जंगूभाऊ, तुमचा गेटपास गेला, थो माह्यामुळं गेला."

तो बैलाकडे पाहत होता. मग त्याने विचारलं, "बायाईले कुलूप भेटले का?"

"भेटले ना! सगळ्याईले. नावानिशी, फोटोनिशी." मला बरं वाटलं. निदान एवढं तरी सांगता आलं.

"अन् किल्ल्या?"

"हायेत ना."

"कोनापाशी रायते?"

मला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वीच सुपरवायझरच्या खोलीत एक लाकडी पेटी दिसली होती. बायका किल्ल्या हरवतात, पदराला बांधून घरी नेतात, जंगूसारखं पुन्हा नको, म्हणून सगळ्या किल्ल्या त्याने एकत्र ठेवल्या होत्या. 'किल्ल्या सुरक्षित ठेवाव्यात' असं आमच्या नवीन पुस्तकात होतं, आणि पेटी सुरक्षितच होती. मी पाहिलं होतं आणि पुढे गेलो होतो.

"सुपरवायझरच्या पेटीत," मी म्हणालो.

जंगू उठला. पाण्याचा लोटा उचलला. "मंग सायेब, कुलूप सुपरवायझरचंच हाये. बायाईचं त्याच्यावर निस्तं नाव हाये." आणि तो पुन्हा कपाशीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी त्या खोलीत गेलो. सुपरवायझर म्हणाला, सायेब, लेखी ऑर्डर हाये का? मी म्हटलं, नाही, आणि पेटी उचलून बाहेर आणली. पॅनेलसमोर बाया रांगेत उभ्या होत्या. एकेकीचं नाव वाचून किल्ली जिच्या तिच्या हातात दिली. हे नियमात बसतं की नाही, याचा मी त्या सकाळी पहिल्यांदाच विचार केला नाही.

सुभद्राबाईंची पाळी आली. त्यांनी किल्ली उलटसुलट करून पाहिली, पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हे तुमाले जंगूभाऊनं सांगतलं असन," त्या म्हणाल्या.

"होव," मी म्हणालो. चौकशीच्या खोलीत मला एवढाच एक शब्द बोलायचा होता.